सेफ मोड : बिघाड शोधण्याची पहिली पायरी

विंडोजवर चालणारा घरचा संगणक सुरू होतो तेव्हा पडद्यावर ठिपके गोल फिरत असतात आणि आत मोठी वर्दळ चाललेली असते. मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, रॅम, कीबोर्ड आणि डिस्क जागेवर आहेत ना हे पाहतो आणि पुढचे काम बूट मॅनेजरकडे देतो. बूट मॅनेजर विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल, रॅममध्ये आणतो. कर्नलपाठोपाठ ड्रायव्हर येतात : डिस्कचा, ग्राफिक्स कार्डाचा, ध्वनीचा, वाय-फायचा, प्रिंटरचा. मग पडद्यामागे चालणाऱ्या सर्व्हिसेस सुरू होतात. पासवर्ड टाकला की वापरकर्त्याने किंवा त्याच्या नकळत कोणीतरी बसवलेले प्रोग्रॅम आपापले चिन्ह घड्याळाशेजारी आणून बसवतात. यांतला एक जरी घटक बिघडलेला असला तरी संगणक अडखळतो, अडकतो किंवा सुरूच होत नाही. वर्दळ एवढी असते की दोष कोणाचा हे बाहेरून कळत नाही.

सेफ मोडमध्ये ही वर्दळ कमी केली जाते. विंडोज चालण्यासाठी जे अत्यावश्यक आहे तेवढेच रॅममध्ये येते, बाकीचे डिस्कवरच राहते. काहीही पुसले जात नाही, कोणतीही सेटिंग कायमची बदलत नाही. संगणक नेहमीसारखा पुन्हा सुरू केला की सगळे पूर्ववत येते. त्यामुळे घरातल्या कोणालाही ही पद्धत निर्धास्तपणे वापरता येते. मात्र सेफ मोडमुळे संगणक आपोआप दुरुस्त होतो ही समजूत चुकीची आहे. दोष कोणत्या भागात शोधायचा एवढे तो सांगतो, आणि दुरुस्तीचे बहुतेक कष्ट या शोधातच जातात.

सेफ मोडमध्ये काय चालवायचे याची यादी विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘सेफबूट’ या नावाखाली असते. तिचे दोन भाग आहेत, एक किमान गरजेचा आणि एक नेटवर्कसह. ज्या ड्रायव्हरचे किंवा सर्व्हिसचे नाव यादीत नाही ते सहसा सुरू होत नाही. ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीच्या ड्रायव्हरऐवजी मायक्रोसॉफ्टचा साधा डिस्प्ले ड्रायव्हर काम पाहतो. म्हणून अक्षरे मोठी आणि भरड दिसतात, व्हिडिओ अडखळतो. आवाज येत नाही, छपाई होत नाही. डेस्कटॉप काळा होतो आणि चारही कोपऱ्यांत ‘सेफ मोड’ ही अक्षरे उमटतात. लॉगिनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची जी नोंद रजिस्ट्रीत असते तिच्याकडे विंडोज दुर्लक्ष करते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की संगणक आणखीच बिघडला. पण पडदा असाच दिसायला हवा.

सेफ मोडचे तीन प्रकार आहेत. पहिला साधा, ज्यात इंटरनेट नसते. दुसरा नेटवर्किंगसह, म्हणजे ड्रायव्हर उतरवून घ्यायचा असेल तर उपयोगी. त्यासाठी राउटरला केबल जोडलेली असेल तर काम अधिक खात्रीने होते. तिसऱ्यात नेहमीच्या डेस्कटॉपऐवजी फक्त कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडते. घरगुती वापरात त्याची गरज क्वचित पडते. शंका असेल तेव्हा पहिला प्रकार निवडावा. जितके कमी घटक चालू, तितके उत्तर स्वच्छ.

ही सोय विंडोज ९५ मध्ये, म्हणजे १९९५ साली आली. तेव्हाच्या सेफ मोडमध्ये पडदा ६४० बाय ४८० ठिपक्यांचा आणि अवघ्या १६ रंगांचा असे, कारण १९८७ मध्ये आयबीएमने आणलेले व्हीजीए हे मानक जवळपास प्रत्येक ग्राफिक्स कार्डाला समजत होते. त्याच काळातल्या विंडोज एनटी ४ मध्ये सेफ मोड नव्हता. त्या घराण्यात तो विंडोज २००० पासून आला. पुढे एक्सपी, व्हिस्टा आणि विंडोज ७ या तिन्हींमध्ये एकच रिवाज होता : संगणक सुरू करताच एफ८ ही कळ दाबत राहायची, मग काळ्या पडद्यावर पर्यायांची यादी येई. संगणक दुरुस्त करणाऱ्यांच्या एका पूर्ण पिढीच्या बोटांना ही कळ पाठ होती.

२०१२ साली विंडोज ८ आली आणि ही कळ निकामी झाली. कारण वेगाचे होते. एसएसडी आणि नव्या पद्धतीचे यूईएफआय फर्मवेअर असलेले संगणक इतक्या झपाट्याने सुरू होऊ लागले की कळ ओळखण्यासाठी २०० मिलिसेकंदांपेक्षाही कमी अवधी उरतो, असे मायक्रोसॉफ्टनेच तेव्हा सांगितले होते. एवढ्या वेळात माणसाने नेम साधून कळ दाबणे अशक्यच. विंडोज १० आणि ११ मध्येही मूळ सेटिंगनुसार एफ८ चालत नाही. जुने मार्गदर्शन वाचून ती कळ बडवत बसणाऱ्यांचा बराच वेळ आजही त्यात जातो.

विंडोज ८ बरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ ही आणखी एक गोष्ट आली. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर संगणक पूर्णपणे रिकामा होत नाही. कर्नल आणि ड्रायव्हर यांची त्या क्षणाची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. म्हणजे अडकलेला ड्रायव्हर रात्रभर संगणक बंद ठेवूनही सकाळी तशाच अवस्थेत परततो. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळे मुळापासून नव्याने सुरू होते. म्हणून सेफ मोडकडे वळण्याआधी एकदा ‘रीस्टार्ट’ करून पाहणे शहाणपणाचे. कित्येक तक्रारी तिथेच मिटतात.

विंडोज सुरू होत असेल तर सेफ मोडचा रस्ता सोपा आहे. स्टार्ट मेनूतल्या पॉवरच्या चिन्हावर जाऊन शिफ्ट कळ दाबून धरायची आणि ‘रीस्टार्ट’वर क्लिक करायचे. लॉगिन होत नसेल तरी हरकत नाही, पासवर्ड विचारणाऱ्या पडद्यावरही तेच पॉवरचे चिन्ह असते आणि तिथेही हीच युक्ती चालते. मग निळा पडदा येतो. त्यावर ‘ट्रबलशूट’, त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, त्यात ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ आणि शेवटी ‘रीस्टार्ट’. संगणक पुन्हा सुरू होताना क्रमांकांची यादी दाखवतो. ४ दाबले की साधा सेफ मोड, ५ दाबले की नेटवर्किंगसह, ६ दाबले की कमांड प्रॉम्प्टसह.

विंडोज सुरूच होत नसेल तर प्रश्न अवघड होतो. लागोपाठ काही वेळा सुरुवात अर्धवट राहिली की विंडोज स्वतःच ‘ऑटोमॅटिक रिपेअर’चा पडदा आणते आणि तिथून वरच्याच पायऱ्यांनी पुढे जाता येते. तो येत नसेल तर मुद्दाम आणावा लागतो : उत्पादकाचे बोधचिन्ह दिसताच पॉवरचे बटण साधारण १० सेकंद दाबून धरून संगणक बंद करायचा, पुन्हा तसेच करायचे, आणि तिसऱ्या खेपेला त्याला अडवायचे नाही. चालू संगणक असा बंद करणे डिस्कला मानवणारे नाही, विशेषतः फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कला. म्हणून हा उपाय शेवटी ठेवावा. त्याआधी दुसऱ्या चांगल्या संगणकावर किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोजचे इन्स्टॉलेशन उतरवून घ्यावे आणि त्यावरून ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’ निवडावे. फक्त एक लक्षात ठेवायचे. पेन ड्राइव्हवरून आत गेल्यास ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ हा पर्याय दिसत नाही. तिथे कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘बीसीडीएडिट’ या आज्ञेने सेफ बूट चालू करावे लागते आणि काम झाल्यावर तशाच आज्ञेने बंद करावे लागते. ज्याला आज्ञा टंकण्याचा सराव नाही त्याने इथे जाणकाराची मदत घेतलेली बरी.

आत जाण्याच्या दारावर दोन अडथळे येऊ शकतात आणि दोन्हींची तयारी आधीच करावी लागते. पहिला एन्क्रिप्शनचा. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून, नव्याने विंडोज बसवून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केले की बहुतेक लॅपटॉपांची डिस्क आपोआप कुलूपबंद होते. बऱ्याच मालकांना याचा पत्ताही नसतो. सेफ मोडकडे जाताना विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते आणि मोबाइलवरून त्या खात्यात शिरून पाहता येते. संगणक धड असतानाच ती कागदावर उतरवून कपाटात ठेवावी. दुसरा अडथळा पासवर्डचा. रोज चार अंकी पिन टाकून किंवा चेहरा दाखवून लॉगिन करणाऱ्यांना खात्याचा खरा पासवर्ड आठवत नाही, आणि सेफ मोडमध्ये पिन अनेकदा चालत नाही. तो पासवर्ड आधीच तपासून ठेवावा.

‘एमएसकॉन्फिग’ या साधनातूनही सेफ मोड चालू करता येतो. त्यातल्या ‘बूट’ या टॅबवर ‘सेफ बूट’पुढे खूण केली की पुढच्या वेळी संगणक थेट सेफ मोडमध्ये उघडतो. रस्ता जवळचा आहे, पण ती खूण काढेपर्यंत संगणक दर वेळी सेफ मोडमध्येच सुरू होत राहतो. पासवर्ड आठवत नसताना ही खूण करणारा माणूस आत शिरू शकत नाही आणि बाहेरही पडू शकत नाही. शिफ्ट धरून रीस्टार्ट करण्याची पद्धत एका वेळेपुरतीच लागू होते. घरी तीच वापरावी.

सेफ मोडमध्ये शिरल्यावर घाईने काही उडवण्याआधी संगणक थोडा वेळ नुसता चालू ठेवून पाहावा. जी तक्रार होती ती इथेही दिसते का, हा खरा प्रश्न. सेफ मोडमध्ये संगणक नीट चालला तर विंडोजचा गाभा, डिस्क, रॅम आणि मदरबोर्ड बहुधा ठीक आहेत आणि दोष नंतर जोडलेल्या एखाद्या ड्रायव्हरमध्ये, सर्व्हिसमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये आहे. सेफ मोडमध्येही तो अडकला, बंद पडला किंवा तिथवर पोचलाच नाही, तर संशय हार्डवेअरकडे किंवा विंडोजच्या मूळ फायलींकडे वळतो.

या निष्कर्षातला ‘बहुधा’ हा शब्द मात्र गाळता येत नाही. सेफ मोडमध्ये ग्राफिक्स कार्डावर जवळजवळ भारच नसतो. त्यामुळे कार्डाची चिप खराब असली तरी तिथे सगळे सुरळीत दिसू शकते आणि माणूस विनाकारण ड्रायव्हर बदलत बसतो. धुळीने पंखा चोंदून तापणारा लॅपटॉप सेफ मोडमध्ये फारसा तापत नाही. अशक्त पॉवर सप्लायही कमी भारावर तग धरतो. खेळ खेळताना किंवा व्हिडिओ जुळवतानाच संगणक बंद पडत असेल तर सेफ मोडच्या चांगल्या वागण्यावरून हार्डवेअर निर्दोष ठरवू नये. या फरकाकडे दुर्लक्ष झाले की दुरुस्तीवर नको तिथे पैसे खर्च होतात.

दोष सॉफ्टवेअरचा आहे असे दिसले की शेवटचा बदल आठवावा. नवा प्रिंटर जोडला होता का, ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत केला होता का, दुसरा अँटिव्हायरस बसवला होता का? ड्रायव्हरचा संशय असेल तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये त्या उपकरणाचे ‘प्रॉपर्टीज’ उघडून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने आधीची आवृत्ती परत आणता येते. ते बटण निष्क्रिय असेल तर उपकरण ‘अनइन्स्टॉल’ करावे. पुढच्या सुरुवातीला विंडोज ड्रायव्हर स्वतः पुन्हा बसवते. ड्रायव्हरवर एवढा भर देण्याचे कारण त्यांच्या अधिकारात आहे. साधा प्रोग्रॅम कोसळला तर त्याची एक खिडकी बंद होते. कर्नलच्या पातळीवर चालणारा ड्रायव्हर कोसळला तर विंडोजला सगळेच थांबवावे लागते आणि बिघाडाचा तो परिचित निळा पडदा येतो, जो २०२५ पासून विंडोज ११ मध्ये काळा झाला आहे.

विंडोजच्या फायली बिघडल्याची शंका असेल तर ‘एसएफसी’ ही आज्ञा ‘स्कॅननाऊ’ या पर्यायासह चालवावी. ती मूळ फायली तपासते आणि बिघडलेल्यांच्या जागी साठवलेली चांगली प्रत ठेवते. डिस्कवरच्या नोंदी ‘चेकडिस्क’ने तपासता येतात. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधल्या ‘सिस्टीम’च्या नोंदीत बिघाडाच्या वेळेच्या आसपासच्या लाल खुणा पाहाव्यात. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद वारंवार दिसली तर संगणक रीतसर बंद न होता बंद पडला एवढेच कळते. त्याचे कारण वीज जाणे असू शकते, पॉवर सप्लाय असू शकतो किंवा ड्रायव्हरही. ज्या गावांत पावसाळ्यात वीज सतत येत-जात असते तिथे ही नोंद भरपूर सापडेल, म्हणून एकट्या तिच्यावर निदान बेतू नये.

सेफ मोडची एक मर्यादा अनेकांना अडवते. त्यात ‘विंडोज इन्स्टॉलर’ ही सर्व्हिस बंद असते, त्यामुळे तिच्यावर अवलंबून असलेले प्रोग्रॅम तिथे बसवता किंवा काढता येत नाहीत. स्वतःचे अनइन्स्टॉलर असलेले प्रोग्रॅम निघतात. बाकीच्यांचे आपोआप सुरू होणे ‘टास्क मॅनेजर’च्या ‘स्टार्टअप’ यादीत थांबवावे आणि नेहमीच्या विंडोजमध्ये आल्यावर ते काढून टाकावेत. संशय नुकत्याच आलेल्या विंडोज अपडेटवर असेल तर ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’च्या निळ्या पडद्यावरच ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ आणि ‘सिस्टीम रिस्टोअर’ हे पर्याय आहेत.

त्या निळ्या पडद्यावरही आंधळा भरवसा ठेवता येत नाही, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये दिसले. १४ ऑक्टोबरच्या विंडोज ११ च्या अपडेटनंतर दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. विंडोज व्यवस्थित चालत असे, पण ती बिघडली तर दुरुस्तीच्या पडद्यावर काहीच निवडता येत नव्हते. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला तातडीची दुरुस्ती पाठवली. जुन्या गोल पिनेचा पीएस/२ कीबोर्ड ज्यांच्या घरी होता त्यांचे तेवढ्या दिवसांत अडले नसते.

सेफ मोडचे महत्त्व सगळ्या जगाला एकदम कळले ते १९ जुलै २०२४ रोजी. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीच्या ‘फाल्कन’ या सॉफ्टवेअरसाठी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष फाइल पाठवली गेली. ७८ मिनिटांत ती मागे घेतली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तोवर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले होते. सुरू व्हायचे, ती फाइल वाचायची आणि पुन्हा कोसळायचे, हे चक्र थांबत नव्हते. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यावरचा मुख्य उपाय सेफ मोडच होता. फाल्कनचा ड्रायव्हर किमान यादीत नसल्याने सेफ मोडमध्ये तो चालत नसे, संगणक शांतपणे उघडे, आणि ड्रायव्हरच्या फोल्डरमधली २९१ क्रमांकाची ती एक फाइल पुसता येई. पण असा कोसळलेला संगणक दुरून नेटवर्कवर सापडत नव्हता. कर्मचाऱ्यांना एकेका यंत्रापाशी जाऊन बसावे लागले, आणि जिथे डिस्क कुलूपबंद होती तिथे ४८ अंकी रिकव्हरी की शोधण्यात आणखी वेळ गेला.

व्हायरस काढायला सेफ मोड उत्तम, हा सल्ला अजूनही दिला जातो, आणि त्यात अर्धेच तथ्य उरले आहे. बरेच घातक प्रोग्रॅम सेफ मोडमध्ये सुरू होत नाहीत, त्यामुळे त्यांच्या फायली पुसणे सोपे जाते हे खरे. पण अँटिव्हायरसचा पहाराही तिथे बहुधा नसतो. २०१९ मध्ये उघडकीस आलेले ‘स्नॅच’ नावाचे रॅन्समवेअर नेमका याचाच फायदा घेई. ते स्वतःचे नाव सेफ मोडच्या यादीत घुसवी, संगणक सेफ मोडमध्ये रीस्टार्ट करी आणि पहारा नसताना फायली कुलूपबंद करी. कोणी सांगितल्याशिवाय संगणक आपणहून सेफ मोडमध्ये उघडला आणि डिस्कचा दिवा सतत लुकलुकत असला, तर तो लगेच बंद करावा आणि नेटवर्कची केबल काढावी.

दोष सॉफ्टवेअरचा आहे हे कळले पण गुन्हेगार सापडला नाही, तर पुढची पायरी ‘क्लीन बूट’. घरात शॉर्ट सर्किट झाल्यावर वायरमन सगळे एमसीबी पाडून एकेक वर करत जातो, तसाच हा प्रकार आहे. ‘एमएसकॉन्फिग’च्या ‘सर्व्हिसेस’ टॅबवर आधी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवाव्यात, उरलेल्या बंद कराव्यात, आणि मग अर्ध्या-अर्ध्या चालू करत रीस्टार्ट करत जावे. तक्रार ज्या अर्ध्या गटात परतते तो पुन्हा निम्मा करायचा. काम कंटाळवाणे आहे, पण उत्तर बहुतेक वेळा मिळते. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवायला विसरू नये. त्या सरसकट बंद केल्यास लॉगिनच अडू शकते.

मॅकवरही सेफ मोड आहे. इंटेल चिपच्या जुन्या मॅकवर सुरू करताना शिफ्ट कळ धरून ठेवायची. २०२० च्या अखेरीपासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपवर पॉवरचे बटण धरून ठेवल्यावर पर्यायांचा पडदा येतो, तिथे डिस्क निवडून शिफ्ट दाबल्यावर ‘कंटिन्यू इन सेफ मोड’ असे दिसते. मॅक या वेळी डिस्क तपासतो आणि काही तात्पुरत्या साठवणी पुसतो. त्यामुळे सुरू व्हायला वेळ लागतो आणि काही तक्रारी नुसत्या या फेरीनेच जातात. उबुंटू या लिनक्समध्ये ग्रब या बूट लोडरच्या मेनूतून ‘रिकव्हरी मोड’ निवडता येतो. तिथे डिस्कची तपासणी, अर्धवट राहिलेली पॅकेजे पुरी करणे आणि रूटची आज्ञाओळ असे पर्याय मिळतात.

सेफ मोडही चालत नसेल तर दुरुस्तीआधी डेटाचा विचार करावा. कुटुंबाचे फोटो आणि कागदपत्रे यांची दुसरी प्रत नसेल, तर पेन ड्राइव्हवरून चालणारे लिनक्स उघडून ती बाह्य डिस्कवर उतरवून घ्यावीत, किंवा डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी. डिस्क कुलूपबंद असेल तर इथेही तीच ४८ अंकी रिकव्हरी की लागते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तिच्यावर कोणतीही तपासणी चालवू नये, प्रत्येक फेरीबरोबर डेटा वाचण्याची शक्यता कमी होते. प्रत हातात आल्यावर रॅमच्या पट्ट्या एकेक करून काढून पाहणे, रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवणे, ‘स्टार्टअप रिपेअर’ आणि सर्वांत शेवटी ‘रीसेट धिस पीसी’, या क्रमाने पुढे जावे. ‘रीसेट’ करताना ‘कीप माय फाइल्स’ निवडले तरी बसवलेले प्रोग्रॅम निघून जातात, त्यामुळे त्यांची यादी आणि परवान्यांचे क्रमांक आधीच लिहून ठेवावेत.